पहिल्या अँटिबायोटिकची वेळ नेमकी कोणती लिहायची? सेप्सिसचं रजिस्टर भरून राहिली अन् डोकं फिरलं

कापूसवाली_सिस्टर
सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पन्नास खाटांच्या दवाखान्यात आहे. अकरा वर्षं वॉर्डात काढली, आता आमच्याकडे एनएबीएचची (दवाखान्याच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची) तयारी सुरू आहे म्हणून मागच्या महिन्यापासून मला क्वालिटीचं टेबल दिलंय. टेबल म्हणजे खरंच टेबल, स्टोअरच्या दाराजवळ, वर पंखा नाही.

बाहेरून एक कन्सल्टंट येतात त्यांनी एक एक्सेल दिली, सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडतात त्या पेशंटची. त्यात कॉलम असे: 'वेळ शून्य' (सेप्सिस ठरला ती वेळ, तिथून पुढं मोजायचं), लॅक्टेट (रक्ताची एक तपासणी), ब्लड कल्चर (रक्तातला जंतू शोधायची तपासणी), पहिल्या अँटिबायोटिकची वेळ, आणि शेवटी 'निवड योग्य / अयोग्य'. बघायला सोपं वाटलं, मी म्हटलं दोन दिवसांत होईल. पावसाळ्यातले चौदा केस पेपर काढले रेकॉर्ड रूममधून अन् बसली. आज नववा दिवस आहे बाप्पा.

एकच पेपर सांगते म्हणजे समजेल. बाई, ५५ वर्षं, निंदायला जात होती, तीन दिवसांचा ताप, रात्री ९.४० ला ऑटोनं आली. बीपी ८४/५०, नाडी १२६. डॉक्टरांनी ९.५५ ला लिहिलं, सेप्सिस वाटते, पिपटाझ (अँटिबायोटिक) ४.५ ग्रॅम आयव्ही स्टॅट, म्हणजे शिरेतून, लगेच. मुलगा चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलला गेला, बिलावर वेळ १०.२५. मग टेस्ट डोस (रिॲक्शन येते का बघायला), पेपरवर १०.३५. पूर्ण डोस केव्हा लागला ते कुठंच नाही. आणि ड्रग चार्टवर काय? तर १० च्या खान्यात बरोबरची खूण आणि सही. म्हणजे औषध विकत घ्यायच्या पंचवीस मिनिटं आधीच ते बाईच्या अंगात गेलं होतं!

आता सांगा मी काय लिहू? ऑर्डरची वेळ, बिलाची, टेस्ट डोसची, की चार्टवरची?

दुसरी भानगड रेफर होऊन आलेल्यांची. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी येते, 'इंज. सेफ्ट्रायक्सोन १ ग्रॅम दिले', वेळ नाही. कधी तर 'अँटिबायोटिक दिले' एवढंच. मग पहिला डोस त्यांचा धरायचा की आमचा?

तिसरं म्हणजे तो निवडीचा कॉलम. एका शेतकऱ्याला काखेत काळी खपली दिसली म्हणून सरांनी स्क्रब टायफस (किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) धरून नुसतं डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन, लावलं, माणूस चौथ्या दिवशी चालत घरी गेला. एक्सेलमधल्या औषधांच्या यादीत डॉक्सी नाही म्हणून तिथं 'अयोग्य' येऊन राहिलं. हे मी कोणत्या तोंडानं सरांना दाखवू.

अन् पहिल्या डोसच्या वेळेबद्दल वरून सांगण्यात आलं की 'सिस्टर, सगळे एका तासाच्या आत बसवा'. बसवा म्हणजे? साडी आहे का ती, पिन लावून बसवायला?

कोणी हे काम केलं असेल तर सांगा. चुकीचं लिहायची इच्छा नाही, पण बरोबर काय तेही माहीत नाही.


रातपाळी_नागपूर
सोमवार, रात्री १.०५

ताई, तुमच्या एक्सेलचे कॉलम वाचले अन् हसलो, कारण आत्ता दुसऱ्या खिडकीत मी हेच भरून राहिलो. मी बी. फार्म. आहे, गाव दर्यापूरकडे, नागपुरात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचून त्यातली माहिती काढायचं काम करतो. रात्रभर सेप्सिस अन् सेप्सिस. तुमच्या कन्सल्टंटनी जो नमुना दिला तो बहुतेक तिकडच्या 'सेप-वन' वरून उचलला आहे. सीएमएस म्हणजे तिथली मेडिकेअर चालवणारी सरकारी यंत्रणा, तिनं ऑक्टोबर २०१५ पासून ही मोजणी सुरू केली. त्याच्याआधी न्यूयॉर्क राज्यात २०१३ मध्येच नियम झाले होते, रोरी स्टॉन्टन नावाचा बारा वर्षांचा पोरगा २०१२ मध्ये शाळेत खेळताना हात खरचटल्यानंतर सेप्सिसनं गेला, त्याच्या आईवडिलांनी लावून धरलं म्हणून. म्हणजे हे कॉलम आकाशातून नाही पडले, त्यांच्यामागं एक पोरगं आहे.

आधी हे लक्षात घ्या की सेप-वन तुम्हाला लागू नाही, इथं तुम्हाला कोणी त्यावर मार्क देणार नाही. पण वेळ कशी धरायची याचा विचार त्यांनी भरपूर केलाय, तेवढा घेण्यासारखा आहे.

वेळ एकच: औषध शिरेत जायला सुरुवात झाली ती. ऑर्डरची वेळ नाही, मेडिकलमधून निघाल्याची नाही, सलाईन संपल्याची तर नाहीच. मी रोज पाहतो, डॉक्टरच्या नोटमध्ये 'अँटिबायोटिक सुरू केले' लिहिलेलं असते पण नर्सच्या चार्टवर सुरुवातीची वेळ नाही, तर आम्ही नुसत्या ऑर्डरवर वेळ देत नाही. वेळ सापडलीच नाही तर 'यूटीडी' टाकतो, म्हणजे ठरवता येत नाही, अन् ती केस नापास होते. अंदाजानं भरायला परवानगी नाही. तुमच्या त्या बाईच्या पेपरला माझ्याकडं यूटीडीच बसलं असतं.

'वेळ शून्य' बद्दल तुम्ही विचारलं नाही पण खरी मारामारी तिथंच असते. त्यांच्याकडं तीन गोष्टी लागतात: इन्फेक्शनचा संशय कुठंतरी लिहिलेला, ताप-नाडी-श्वास-पांढऱ्या पेशी यातल्या दोन बिघडलेल्या (ताप ३८.३ च्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली), आणि एखादा अवयव बिघडल्याची खूण, जसं वरचं बीपी ९० च्या खाली, क्रिएटिनिन २ च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लॅक्टेट २ च्या वर. तिन्ही सहा तासांच्या आत जमल्या पाहिजेत, अन् जी शेवटी जमली तिची वेळ म्हणजे शून्य. म्हणून कधीकधी पेशंट आल्यानंतर दोन तासांनी शून्य लागते, लॅबचा रिपोर्ट उशिरा आला म्हणून. तुमच्या बाईला मात्र ९.५५, डॉक्टरनं स्वतः सेप्सिस लिहिलं तेव्हा.

मग अँटिबायोटिक शून्याच्या २४ तास आधीपासून ते ३ तास नंतरपर्यंत चालते. हो, आधीचंही चालते. आणि दुसऱ्या हॉस्पिटलमधून ट्रान्सफर होऊन आलेला पेशंट सेप-वनमध्ये मोजतच नाहीत, बाहेर काढतात. तुमच्याकडं तसं केलं तर रजिस्टर रिकामं राहील, तुमचे अर्धे पेशंट तर रेफरच असतील.

निवडीचं असं की त्यांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतलं एकटं औषध पुरे, सेफ्ट्रायक्सोन, पिपटाझ, मेरोपेनेम, लिवोफ्लॉक्सासिन वगैरे. दुसरी जोडीची, त्यात दोन गटांतून एकेक घ्या लागते अन् दोन्ही तीन तासांच्या आत सुरू व्हा लागते. नुसतं ॲमिकासिन लावलं तर निवड पास नाही होत. हां, पण कल्चरमध्ये जंतू अन् कोणतं औषध लागू पडते ते आलं असेल, आणि डॉक्टरनं तसं लिहिलं असेल, तर यादीबाहेरचंही चालते. लिहिलं असेल तर, हे विसरू नका.

जातो, चार्ट बोलावून राहिला.


आजी_मेट्रन
मंगळवार, सकाळी ६.४०

बेटा, मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला सरकारी ग्रामीण रुग्णालयांत सदतीस वर्षं काढून निवृत्त झाली. तुझं ते '१० च्या खान्यात खूण' वाचलं आणि मला माझ्याच शंभर सह्या आठवल्या. आम्ही सगळ्या हेच करत होतो. चार्ट छापलेला असतो सकाळी ६, २, १०, आणि रात्री दोन सिस्टर अन् चाळीस पेशंट असले की माणूस खान्यात खूण करते आणि पुढं पळते. ते खोटं म्हणून नाही लिहिलेलं, तो खाना वेळेसाठी नाहीच, तो डोस चुकला की नाही त्यासाठी आहे. म्हणून पहिला डोस त्या चार्टवर लिहायलाच नको. स्टॅट डोसचा वेगळा रकाना कर, तिथं हातानं तास-मिनिट लिहायचं. आमच्याकडं एका डॉक्टर बाईनं तांबडा शिक्का बनवून घेतला होता, केस पेपरवर मारायचा, त्यात तीनच ओळी: औषध, सुरू केल्याची वेळ, सही. त्या शिक्क्यानं जेवढं काम केलं तेवढं दहा ट्रेनिंगनी नाही केलं.

दुसरं, घड्याळं पाह्य. हसू नको. आमच्या ड्युटी रूमचं घड्याळ बारा मिनिटं पुढं होतं, इन्चार्जनं मुद्दाम केलं होतं पोरी वेळेवर याव्यात म्हणून. कॅज्युअल्टीतलं बंद. मॉनिटरची वेळ लाइट गेली की पुन्हा बाराच्या ठोक्यापासून सुरू. मग एकाच पेशंटच्या पेपरवर तीन घड्याळांच्या वेळा, आणि तुझ्यासारखी कोणी वर्षभरानं हिशोब लावत बसते. मोबाइलची वेळ धरा, तीच सगळीकडं, आणि चोवीस तासांची लिहा. २२.४० लिहिलं की सकाळ-संध्याकाळचा घोळ राहत नाही.

टेस्ट डोसची वेळ कदापि नको. ती पहिल्या डोसची वेळ नाही. टेस्ट डोस म्हणजे चामडीखाली थेंबभर, त्यानं जंतू मरत नाहीत.

रेफर चिठ्ठीचं मी सांगते, कारण ती चिठ्ठी लिहिणारी मीच होते. ॲम्ब्युलन्स दारात उभी, नातेवाईक रडून राहिले, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला, तेव्हा वेळ लिहायचं राहते. पण सिस्टरला वेळ माहीत असते! पेशंट तुमच्याकडं पोहोचला की लगेच फोन लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही. तिकडची सिस्टर सांगेल 'हो ताई, पावणेआठला लावलं होतं'. मग पेपरवर लिही की अमुक ठिकाणच्या ड्युटी सिस्टरकडून फोनवर कळलं, फोन इतक्या वाजता केला, आणि सही कर. १०८ मधून आला असेल तर त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा असतातच, तो कागद फेकू नका, आमच्याकडं तो घडी करून बाकड्याच्या पायाखाली घातलेला मी पाहिला आहे.

एक आठवलं म्हणून सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं, पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया, त्या घरोघरी जाऊन बाळाचा श्वास मोजत, वजन घेत, कागदावर खुणा करत, आणि जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या कागद भरत होत्या, कंदिलाच्या उजेडात. तर मग आपल्याला ट्यूबलाइटखाली नाही जमणार असं मी तरी नाही म्हणू शकत.


धामणगावचा_पोट्टा
मंगळवार, सकाळी ९.१५

मेडिकलवाला बोलून राहिलो. सिस्टर, तुमच्या त्या बाईच्या पेपरात ९.५५ ते १०.२५ ही तीस मिनिटं आमच्या काउंटरवर गेली, त्याचं उत्तर मीच देतो. पोरगा चिठ्ठी घेऊन येते, खिशात पैसे नाई, गावात फोन लावते, काका येते मग बिल होते. त्यात कोणाचा दोष काढता? औषध तर आमच्याकडं कपाटात पडलंच होतं.

आमच्या इथं मागच्या वर्षी कॅज्युअल्टीत एक डबा ठेवला, पहिल्या डोसचा. पिपटाझ दोन, सेफ्ट्रायक्सोन चार, मेरोपेनेम दोन, ॲमिकासिन, इंजेक्शन डॉक्सी, सोबत पाणी, सिरिंज. आधी लावा, बिल नंतर. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवला टेपनं, कोणी काढलं, कोणाले लावलं, किती वाजता. सकाळी मी येतो, मोजतो, भरतो. आता हे पाह्या, त्या कागदावरची वेळ तुमच्या चार्टपेक्षा खरी राहते, कारण माणूस व्हायल काढतानाच लिहिते. तरी पण ती काढल्याची वेळ आहे, लावल्याची नाई, हे दादानं वर सांगतलंच.

बिलाची वेळ फेकू नका मात्र. रजिस्टरमध्ये नाई पण उशीर कुठं झाला ते पाहाले लय कामाची.


डॉ_पावसाळी
मंगळवार, दुपारी ३.३०

मी फिजिशियन आहे, वर्धा जिल्ह्यात. निवडीच्या कॉलमवर बोलतो कारण बाकीचं मेट्रनबाईंनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

सिस्टर, तुमच्या सरांनी त्या शेतकऱ्याला दिलेलं डॉक्सी शंभर टक्के बरोबर होतं आणि तुमची एक्सेल चुकीची आहे, म्हणजे आपल्या भागासाठी चुकीची. ती यादी जिथं बनली तिथं सप्टेंबरमध्ये धुऱ्यावरचं गवत कापून ताप घेऊन येणारा माणूस नसतो. स्क्रब टायफसचा जंतू गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो, आणि त्यावर पेनिसिलिन, सेफ्ट्रायक्सोन, मेरोपेनेम, यातलं काहीही चालत नाही, कितीही महाग असलं तरी. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर-विदर्भात हा आजार उसळला होता तेव्हा आम्ही बरेच जण हे महाग पडून शिकलो. काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या नाडीखाली, म्हणजे जिथं कोणी बघत नाही तिथं. ज्यानं काख उघडून बघितली त्याला निवड जमली. आजार गंभीर असेल तर डॉक्सी आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून दिलेलं एकट्यापेक्षा बरं, हे २०२३ मध्ये आपल्याच देशात झालेल्या अभ्यासातून आलं. खपली दिसत नसेल, खात्री नसेल, तर मी पावसाळ्यात सेफ्ट्रायक्सोन आणि डॉक्सी दोन्ही लावतो आणि रिपोर्ट आले की एक काढतो.

म्हणून 'योग्य / अयोग्य' असे दोन पर्याय ठेवूच नका. तीन ठेवा: आपल्या दवाखान्याच्या धोरणाप्रमाणे; धोरणाबाहेर पण कारण लिहिलेलं; धोरणाबाहेर आणि कारण नाही. तुमच्या सरांची केस दुसऱ्यात बसते, म्हणजे त्यांनी 'खपली दिसली' हे लिहिलं असेल तर. नसेल लिहिलं तर तिसऱ्यात, आणि मग सरांना दाखवायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही, त्यांना वाटली पाहिजे.

आणि धोरण म्हणजे काय, तर आधी एक कागद तर हवा. आयसीएमआरची अँटिबायोटिक मार्गदर्शिका आहे, २०१९ ची आवृत्ती मिळते, ती समोर ठेवून आणि तुमच्या कल्चरचे रिपोर्ट जसे येतात ते बघून दोन पानांचं धोरण बनवा. लघवीतून आलेला सेप्सिस, छातीतला, पोटातला, कातडीचा, आणि आपला पावसाळी ताप, एवढे पाच पुरे. त्यात सिकलसेलचा पेशंट वेगळा लिहा, आपल्याकडं आहेत ते, त्यांची प्लीहा काम करत नसते, ताप आला की वाट बघायची नाही, सेफ्ट्रायक्सोन लगेच.

टेस्ट डोसबद्दल. मी स्पष्ट लिहितो, काही जणांना राग येईल. आधी कधी पेनिसिलिननं अंगावर गांधी, धाप, बेशुद्धी झाली का हे विचारायला एक मिनिट लागतं. नाही म्हणाले तर सरसकट टेस्ट डोस लावून अर्धा तास थांबायची गरज नसते. हो म्हणाले तर टेस्ट डोसच्या भरवशावर राहायचं नाही, दुसऱ्या गटाचं औषध घ्यायचं. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही असंही नाही, ॲड्रेनॅलिन हाताशी हवंच. पण हे सिस्टरनं एकटीनं ठरवायचं नाही, सरांकडून लेखी घ्या, नाहीतर एखादी रिॲक्शन आली की सगळं तुमच्यावर.

एका तासाचं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत (सर्व्हायव्हिंग सेप्सिस) असं आहे की शॉक (इन्फेक्शननं बीपी पडलेलं) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासाच्या आत. शॉक नाही, नुसती शंका आहे, तर पटकन तपासा, आणि शंका राहिलीच तर तीन तासांच्या आत द्या. म्हणजे प्रत्येक तापाला एक तास नाही. शॉकमध्ये मात्र मिनिटं मोजा, २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात बीपी पडल्यावर पहिल्या सहा तासांत दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरली होती. तुमची ती निंदणारी बाई शॉकमध्ये होती. तिचा तास आकड्यापुरता नव्हता.

कल्चर आधी, औषध नंतर, पण कल्चरसाठी औषध अडवून ठेवायचं नाही, शीर सापडत नसेल तर पाऊण तास त्यात घालवू नका. दोन जागांहून घ्या, मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली. आणि बाटली नागपूरला जायची असेल तर फ्रीजमध्ये ठेवू नका हो, बाहेरच ठेवा. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लसीच्या शेजारी बाटली सापडते.


तूरडाळ
मंगळवार, संध्याकाळी ७.५०

सगळं ठीक आहे पण मला सांगा, हे कागद भरून पेशंट वाचतात का? एक तास एक तास करता करता प्रत्येक सर्दीवाल्याला मेरोपेनेम लागेल. आमच्या गावचा डॉक्टर तर आत्ताच लावते.


डॉ_पावसाळी
मंगळवार, रात्री ९.१०

तूरडाळ, ही भीती खरी आहे आणि हे झालेलंही आहे. अमेरिकेत न्यूमोनियाला चार तासांत अँटिबायोटिक असा मोजणीचा नियम होता, लोकांनी एक्स-रे यायच्या आधीच द्यायला सुरुवात केली, न्यूमोनिया नसलेल्यांनाही. मग चाराचे सहा तास केले, पुढं तो नियमच काढला. सेप-वनवरही तिथल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की शॉक नसलेल्यांना यातून काढा.

दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे आकडे आहेत, १४९ हॉस्पिटलं, ४९ हजारांवर पेशंट, २०१७ मध्ये छापून आले: अँटिबायोटिकला जितका उशीर तितके मृत्यू जास्त. म्हणून मी म्हणतो शॉकवाले वेगळे मोजा, बाकीचे वेगळे. आणि अजून एक कॉलम घाला, सेप्सिस म्हणून सुरू केलं आणि दोन दिवसांनी बंद केलं अशांचा. तो कॉलम रिकामा राहिला तर समजा कोणी पुन्हा विचारच करत नाही.


रातपाळी_नागपूर
मंगळवार, रात्री ११.४५

डॉक्टर साहेबांच्या 'कारण लिहिलेलं' ला माझा जोरात पाठिंबा. ताई, एक राहिलं होतं. दोन औषधं असतील अन् शीर एकच असेल तर कोणतं आधी हे पण ठरवून ठेवा. व्हॅन्कोमायसिन हळू जाते, १ ग्रॅमला निदान एक तास, ते आधी लावलं तर पिपटाझ तासभर बाहेर बसून राहते. मी चार्टमध्ये हे इतक्यांदा पाहतो की विचारू नका. आधी पिपटाझ, मग व्हॅन्को. दोघांच्या वेळा वेगवेगळ्या लिहा, 'दोन्ही लावले' असं एकत्र नको.


आजी_मेट्रन
बुधवार, सकाळी ६.१५

आणि सेफ्ट्रायक्सोन आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) बाटलीत टाकू नका, आरएलमध्ये कॅल्शियम असते, त्याचा चुन्यासारखा साका धरते. नवजात बाळाला तर फारच जपा. शॉकमध्ये आरएल धावत असते तेव्हा घाईत हे होते, म्हणून सांगितलं.


कापूसवाली_सिस्टर
शनिवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार, खरंच. चार दिवस लिहिता आलं नाही, एका सिस्टरच्या घरी लग्न म्हणून मीच वॉर्डात होती.

काय केलं ते सांगते. चौदाही पेपर पुन्हा काढले आणि जिथं सुरुवातीची वेळ नाही तिथं 'वेळ नोंदलेली नाही' असं लिहिलं. आठ निघाले असे. वरून पहिल्यांदा बोलणी खाल्ली, 'हे असं दाखवणार का तपासणीला', मग मी त्या निंदणाऱ्या बाईचा पेपरच समोर ठेवला, बिल आणि चार्ट शेजारी शेजारी, औषध विकत घ्यायच्या आधी दिलेलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले हे तपासणीवाल्यांनी पकडलं असतं तर. ती बाई वाचली होती, तेही सांगितलं त्यांना, विचारलं नव्हतं तरी.

घड्याळांचं आजीचं बरोबर निघालं. आमचं ड्युटी रूमचं नऊ मिनिटं मागं, आयसीयूचं चार मिनिटं पुढं. मावशींनी स्टूल आणला, सेल बदलले, सगळी मोबाइलशी जुळवली. शिक्का यवतमाळला बनवायला टाकला, दीडशे रुपये, माझ्या पैशानं, पावती ठेवली आहे.

सरांना डॉक्सीचा पेपर दाखवला. त्यांनी 'काखेत खपली' लिहिलेलं होतं पण अक्षर असं की मी ते 'काखेत खाज' वाचलं होतं. तेव्हा ती चूक माझीही. टेस्ट डोसवर सर म्हणाले लेखी देतो पण भूलतज्ज्ञ मॅडमशी बोलून, तर ते अजून लटकून आहे.

काल रात्री पहिला खरा पेशंट आला नवीन पद्धतीनं. नव्या पोरीनं लिहिलं: आला २३.१०, कल्चर २३.३०, पिपटाझ सुरू २३.५२, ॲमिकासिन सुरू ००.३५. मी सकाळी पाहिलं अन् खूप बरं वाटलं, मग लक्षात आलं की तारीख एकच आहे सगळ्यांना. म्हणजे ॲमिकासिन एक्सेलमध्ये तेवीस तास आधी लागलेलं दिसून राहिलं!

आता डब्याचं विचारायचं होतं. आमचे मेडिकलवाले म्हणतात की डबा ठेवतो पण पेशंट पैसे न देता गेला किंवा दगावला तर ते कोणाच्या खात्यात. सोमवारी मीटिंग आहे. धामणगावच्या भाऊ, तुमच्याकडं ते कसं केलं?


धामणगावचा_पोट्टा
शनिवार, रात्री ११.०५

ताई, आमच्याकडं आधी हेच भांडण झालं. शेवटी ठरलं असं, डब्यातलं जे वसूल नाई झालं ते महिन्याच्या शेवटी दवाखान्याच्या खर्चात, मेडिकलच्या नाई. जन आरोग्य योजनेचा पेशंट असला तर ते पॅकेजमध्येच जाते, त्याच्याकडून पैसे मागायचेच नाई. मालक आधी कुरकुरले, मग मी त्यायले तीन महिन्यांचा कागद दाखवला, बुडालेले पैसे कॅन्टीनच्या चहापेक्षा कमी होते.

झाकणावरच्या कागदाचा फोटो टाकतो उद्या, आता दुकान बंद करून राहिलो. तारखेचा रकाना आमच्यात पण नव्हता, तुमचं वाचून आत्ता पेनानं ओढला.